दोन पूर्ण आणि तीन रेघा

रात्री जेवणं आटोपल्यावर टेबल पुसत होते, तर हाताला खोडरबराचा चुरा लागला. एखादा शब्द चुकला की पडतो तेवढा नव्हता. चांगला चिमूटभर, शेवयांच्या चुऱ्यासारखा वळलेला, राखाडी. लेक झोपायला गेली होती. तिची पाण्याची बाटली, पेन्सिलींचं पाऊच आणि पाऊचखाली दडपलेली एक चिठ्ठी टेबलावरच राहिली होती. इथल्या शाळांत वापरतात त्या करड्या, खरबरीत कागदाची, तळहाताएवढी. वर छापलं होतं, यंदाच्या बुंकासाईसाठी स्लोगन सुचवा. खाली दोन चौकटी, एक स्लोगनची आणि दुसरी कारणाची. बुंकासाई म्हणजे आपल्या स्नेहसंमेलनाची जपानी मावसबहीण. पहिल्या चौकटीत लेकीनं तिच्या गोल, नेटक्या अक्षरात लिहिलं होतं, 'कोकोरो ओ हितोत्सु नि'. मनं एक करून. सकाळी घाईत विसरायला नको म्हणून चिठ्ठी दप्तरात ठेवायला उचलली आणि दिव्याचा उजेड तिच्यावर तिरका पडला.

खाली दुसरंच काहीतरी होतं.

पेन्सिलीचं शिसं खोडरबरानं जातं, पण हाताचा दाब कागदात राहतो. कारणाची चौकट इतकी घासली होती की कागद पातळ होऊन त्याला लव सुटली होती. तिथलं एकही अक्षर लागलं नाही. वरच्या चौकटीतली ओळ मात्र चिठ्ठी डोळ्यांच्या पातळीवर धरल्यावर हळूहळू लागली. 'चिइसाइ कोए मो किकोएरु.' लहान आवाजही ऐकू येतो. जपानीत 'किकु' म्हणजे ऐकणं आणि 'किकोएरु' म्हणजे ऐकू येणं. मी जपानी शिकत होते तेव्हा हा फरक समजावताना आमच्या बाईंना बाकीच्यांसाठी उदाहरणांवर उदाहरणं द्यावी लागली होती. मला एकही लागलं नाही, कारण आपल्या मराठीत तो जसाच्या तसा आहे. ऐकतो आपण, ऐकू येतं आपल्याला. त्यात आपलं काही कर्तृत्व नसतं, फक्त कान आणि आजूबाजूला थोडी शांतता असावी लागते. लेकीनं 'लहान आवाज ऐकू या' असं लिहिलं नव्हतं, 'ऐकला पाहिजे' असंही नाही. ऐकू येतो, एवढंच. मी ती ओळ दोनतीनदा वाचली, चिठ्ठी होती तशी पाऊचखाली सरकवली आणि चुरा गोळा करून टाकला. त्या रात्री बराच वेळ झोप आली नाही, कारण तो चुरा माझ्यामुळे पडला असं मला वाटत होतं.

झालं होतं असं. दोन दिवसांपूर्वी मी पोळ्या करत होते. ती मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आई, स्लोगन काय लिहू गं?" तव्यावरची पोळी फुगत होती, मी मागे वळून पाहिलंही नाही. म्हटलं, "सगळे लिहितात तसंच काहीतरी लिही. उगाच वेगळं नको." ती "हं" म्हणाली आणि गेली. बोलताना मला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण हे वाक्य मी आमच्या घरात गेली कित्येक वर्षं वापरते आहे. केसांच्या रबराचा रंग निवडताना, सहलीचा डबा भरताना, वाढदिवसाला कुणाला बोलवायचं ते ठरवताना. चौथीत असताना ती तोक्योला आली. पहिलं वर्षभर दिवसातले काही तास परदेशी मुलांसाठीच्या जपानी वर्गात जायचं आणि उरलेला वेळ मुख्य वर्गात गप्प बसून काढायचा. पुस्तक वाचायला उभी राहिली की शिक्षक प्रेमानं म्हणायचे, जरा मोठ्यानं. दरवेळी तेच. एकदा पालकांसाठी खुल्या तासाला मी वर्गाच्या मागे भिंतीला टेकून उभी होते. तिचे ओठ हलताना दिसत होते आणि मला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. तेव्हापासून माझ्या मनानं घेतलं, की हिला गर्दीत मिसळता आलं पाहिजे. बाकी सगळं नंतर.

म्हणून ती खोडलेली ओळ मला सरळ तिची स्वतःची वाटली. तिच्या लहान आवाजाची.

स्लोगन हे प्रकरण इथं किती मनावर घेतात, ते मला आधी कळत नसे. जपानी माध्यमिक शाळांत 'विशेष उपक्रम' असा एक अधिकृत भाग असतो आणि वर्गसभेचे वर्षाला ३५ तास त्यात धरलेले असतात, प्रत्येक तास ५० मिनिटांचा. गणितासारखाच वेळापत्रकात बसलेला तास. त्यात मुलं काय करतात, तर ठरवतात. कोण काय काम करणार, सहलीला गट कसे पाडायचे आणि शरद ऋतू आला की बुंकासाईचं घोषवाक्य काय. वर्गावर्गांतून सूचना वर जातात, विद्यार्थी परिषद आणि मुलांचीच कार्यवाह समिती त्यातून एक निवडते आणि मग ते वाक्य शाळेच्या इमारतीवरून खाली सोडलेल्या लांब कापडावर, कार्यक्रमपत्रिकेवर, रंगमंचाच्या माथ्यावर झळकतं. ऑक्टोबरात कुठल्याही शाळेवरून जा, दिसतातच. चार चिन्हांचे जुने शब्द मुलांना फार आवडतात. 'ह्याक्का र्योरान', शंभर फुलं एकदम बहरलेली. 'जूनिन तोइरो', दहा माणसं दहा रंग, म्हणजे आपलं व्यक्ती तितक्या प्रकृती. काही वर्ग शब्दाशी खेळतात. बुंकासाईमधला 'साइ' म्हणजे उत्सव, पण त्याच उच्चाराचं रंगाचं चिन्ह आहे, गुणाचं आहे, 'सर्वांत' या अर्थाचंही आहे. मग उत्सवाच्या जागी रंग बसवतात आणि उच्चार तोच ठेवून अर्थ पालटतात. भाषेशी असं अंगचटीला जाऊन खेळणारी चौदा-पंधरा वर्षांची मुलं पाहिली, की मला त्यांचा हेवा वाटतो. आणि तरीही चारांतले दोन फलक मनं एक करण्याबद्दल असतात, असं मला वाटतं. बघून बघून डोळ्यांना दिसेनासे होतात.

त्या आठवड्यात लेक घरी आली ती सांगतच, की आमच्या वर्गाचं मतदान झालं. मी विचारलं, कसं झालं? तिनं फ्रिजवरच्या पांढऱ्या पाटीवर काढूनच दाखवलं. इथं मतं मोजताना फळ्यावर 'तादाशी' या शब्दाचं चिन्ह काढतात. तादाशी म्हणजे बरोबर, योग्य. ते पाच रेघांत पुरं होतं. पहिलं मत पडलं की वरची आडवी रेघ. दुसऱ्याला मधली उभी. तिसऱ्याला तिच्या मध्यातून उजवीकडे छोटी आडवी, चौथ्याला डावीकडे छोटी उभी आणि पाचव्याला खालून लांब पाया. पाच मतं झाली की एक 'बरोबर' पुरं झालं, पुढचं सुरू. शेवटच्या तीन वाक्यांवर मतं घेतली. 'जूनिन तोइरो'ला नऊ, म्हणजे एक पूर्ण आणि दुसऱ्याचा पाया तेवढा राहिलेला. 'ह्याक्का र्योरान'ला बारा. 'कोकोरो ओ हितोत्सु नि'ला तेरा. दोन पूर्ण आणि तीन रेघा. ती तीन रेघांची अर्धवट आकृती तिनं पाटीवर काढली आणि मार्करचं टोपण लावत म्हणाली, "हे आमचं." मी विचारलं, हे सुचवलं कुणी, तू ना? तर म्हणाली, "मी आणि अजून सहा जणांनी. सेम टू सेम."

तेरा, बारा आणि नऊ, चौतीस झाले. वर्ग पस्तिसांचा. मी सहज म्हटलं, एक जण आजारी होतं वाटतं. "नाही, एक मुलगी वर्गात येत नाही," ती म्हणाली. शाळेत येते, पण वर चढत नाही. खालच्या मजल्यावर नर्सबाईंच्या खोलीत बसते, तिथंच अभ्यास करते, दुपारी घरी जाते. इथं अशी मुलं बऱ्याच शाळांत असतात, त्याचं कुणाला नवल नाही. मीही तेवढ्यावर सोडून दिलं.

माझं लक्ष त्या पाच रेघांत अडकलं होतं. माझे आजोबा गुऱ्हाळावर गुळाचे रवे मोजायचे ते भिंतीवर कोळशानं. चार उभ्या आणि त्यांच्यावरून एक तिरकी. आमच्या कोल्हापूरकडच्या त्या भिंतीवर मोजणी म्हणजे नुसती मोजणी होती, चार काड्या आणि त्यांना बांधणारी पाचवी. इथं पाच हात वर झाले की 'बरोबर' असा शब्द तयार होतो. हे कुणी मुद्दाम केलेलं नाही, लिहायला सोपं आणि पाच रेघांचं म्हणून घेतलेलं चिन्ह आहे, हे मला पक्कं माहीत आहे. तरी नऊ मतांचा तो पाया नसलेला आकार मला दिवसभर दिसत राहिला.

आठवीत असताना आमच्या शाळेत हस्तलिखित काढायचं ठरलं. बाईंनी नावं मागवली, प्रत्येकानं वहीच्या कागदाची चिठ्ठी द्यायची. मी लिहिलं होतं, 'चिंचेखाली'. शाळेच्या मागे तीन जुनी चिंचेची झाडं होती. मधल्या सुट्टीत आम्ही तिथंच बसायचो, गाभुळलेली चिंच फोडून तिच्या शिरा दातांनी ओढायच्या आणि चिंचोके दगडावर घासून चटके द्यायचे. वर्गातल्या सगळ्या गोष्टी, सगळी भांडणं, सगळ्या शपथा तिथं झालेल्या. मला वाटलं, आमचं हस्तलिखित म्हणजे तेच तर आहे. बाईंनी चिठ्ठी वाचली आणि हसल्या. वाईट हसल्या नाहीत, मायेनंच हसल्या. म्हणाल्या, "अगं, नावात काहीतरी अर्थ हवा." मुखपृष्ठावर समईचं चित्र आलं आणि नाव आलं 'ज्ञानदीप'. पुढच्या वर्षी मी शहाणी झाले होते. 'प्रेरणा' लिहिलं आणि ते निवडलं गेलं. स्नेहसंमेलनात माझं नाव पुकारलं, प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेलं एक फूल दिलं. मला अतिशय आनंद झाला होता, तो खोटा नव्हता. पण आज त्या 'प्रेरणा'मध्ये काय काय होतं ते आठवू गेले, तर एक कविता नाही, एक चित्र नाही. आणि जे निघालंच नाही त्या 'चिंचेखाली'चा वाससुद्धा येतो.

मी लेकीला 'उगाच वेगळं नको' म्हणाले तेव्हा माझ्या तोंडून त्या बाई बोलल्या, असं मला वाटलं. त्या निदान हसून बोलल्या होत्या.

शाळेचं अंतिम घोषवाक्य दहा दिवसांनी ठरलं. मोठ्या अक्षरात 'किझुना' आणि खाली बारीक अक्षरात, दोन्ही बाजूंना नागमोडी रेघ देऊन, लेकीच्या वर्गाचं 'कोकोरो ओ हितोत्सु नि'. किझुना म्हणजे माणसामाणसातला बंध. २०११च्या मार्चमध्ये भूकंप आणि त्सुनामी झाल्यावर हा शब्द जपानभर तोंडोतोंडी झाला. दर डिसेंबरात क्योतोच्या कियोमिझु मंदिरात वर्षाचं एक चिन्ह भल्या मोठ्या कागदावर कुंचल्यानं लिहितात. १९९५ साली, कोबेच्या भूकंपाच्या वर्षी ही प्रथा सुरू झाली तेव्हा 'कंप' अर्थाचं चिन्ह होतं आणि २०११ साली हेच, किझुना. त्याच्या डाव्या अंगाला धागा आहे आणि उजवीकडे 'अर्धा' या अर्थाचं चिन्ह. पण मला जास्त धरून ठेवलं ते त्याच्या जुन्या अर्थानं. किझुना म्हणजे मुळात जनावर बांधायची दोरी. आपल्या भाषेत, दावं.

रविवारी आईला व्हिडिओ कॉल केला तेव्हा तिला हे सांगितलं. नातीच्या शाळेनं काय शब्द निवडलाय बघ, म्हटलं, दावं. मनात होतं तेही बोलून टाकलं, की मला हे असं एकत्र बांधणं कधीकधी नको वाटतं. आई गोठ्याच्या ओट्यावर बसली होती, मागे म्हशीचं शेपूट हलताना दिसत होतं. ती जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "दावं सुटलेलं वासरू बघितलंस न्हवं तू? रातभर हंबरतंय ते. मोकळं झालं म्हणून नाचत न्हाई." मला लगेच पटलं असं नाही. पण त्यावर बोलायलाही काही सुचलं नाही.

पुढचे तीन आठवडे घरात फक्त कोरस होता. तोक्योतल्या बऱ्याच सरकारी माध्यमिक शाळांत खाण्याचे ठेले वगैरे नसतात, ती मजा पुढे हायस्कूलमध्ये. इथं चित्रं, हस्तकला, विज्ञानाचे तक्ते आणि मुख्य म्हणजे प्रत्येक वर्गाचं समूहगान. लेक आल्टोत होती, म्हणजे मुलींमधला खालचा आवाज. सकाळी शाळा भरायच्या आधी सराव, सुट्टीत सराव. घरी आंघोळ करताना ती आपली पट्टी म्हणायची आणि ती ऐकून गाणं कुठलं आहे याचा पत्ता लागायचा नाही. तीच तीन-चार सुरांची चाल, मध्येच थांबलेली, मग एकाच सुरावर लांबवलेली. गाण्याची खरी चाल बहुतेक वेळा सोप्रानोकडे, म्हणजे मुलींमधल्या वरच्या आवाजाकडे असते, ती तिच्याकडे नव्हतीच. मी एकदा म्हटलं, तुला वरची पट्टी का नाही दिली? तिला प्रश्नच कळला नाही. "मला हीच आवडते," म्हणाली. ती चिठ्ठी वाचल्याचं मी तिला सांगितलं नव्हतं. रोज सांगावं वाटायचं आणि रोज राहून जायचं.

ऑक्टोबरातला शेवटचा शनिवार होता. आम्ही पालक आपापल्या सपाता आणि बुटांसाठी पिशवी घेऊन गेलो. व्यायामशाळेच्या लाकडी जमिनीवर हिरवं जाजम अंथरलं होतं, त्यावर घडीच्या खुर्च्यांच्या रांगा. चारशे माणसं आणि आवाज फक्त पिशव्यांच्या चुरचुरीचा. रंगमंचावर कापड होतं. मुलांनी कुंचल्यानं लिहिलेलं किझुना, काळ्या शाईत. धाग्याच्या चिन्हाच्या शेवटच्या फटकाऱ्यात शाई संपत आली होती आणि तिथं केसांच्या पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या, ती शाई पुन्हा भरून घेतली नव्हती हे मला फार आवडलं. दुसऱ्या वर्षाचे वर्ग आले. लेकीचा वर्ग पायऱ्यांवर उभा राहिला. दुसऱ्या रांगेत, तिच्या उजव्या हाताला एका माणसाची जागा मोकळी होती. मला वाटलं, कुणीतरी चुकून सरकलंय, आता नीट करतील. कुणी सरकलं नाही. पियानो सुरू झाला.

मी कान देऊन ऐकलं. वेगवेगळ्या मुलींच्या ओठांकडे बघून आवाज सुटा करता येतो का ते पाहिलं. सोप्रानो कळत होतं, मुलांचा नुकता फुटलेला जाड आवाज कळत होता, त्यांच्यामध्ये आल्टोची एक ऊबदार पट्टी होती हेही कळत होतं. पण तिचा आवाज, तिचा असा, नाही आला. आणि ती तर गात होती, मान वर करून, तोंड एवढं उघडून, की खुल्या तासाला पाहिलेली माझी ती पोर हीच का असं वाटावं. माझे डोळे भरून आले ते कशानं, हे मला नीट सांगता येणार नाही. आनंद होता. आणि आवाज ऐकू न आल्याची एक चुटपुट होती.

घरी जाताना आम्ही निशी-कासाई स्टेशनकडून रुळांच्या कडेकडेनं निघालो. इथं तोझाई लाइन वरून, पुलावरून जाते. तिनं विचारलं, "आई, माझा आवाज ऐकू आला का?" माझ्या ओठांवर 'हो' आलं होतं. का कोण जाणे, मी म्हटलं, "नाही गं. खूप प्रयत्न केला, नाही आला."

"मग बरोबर झालं," ती म्हणाली. खूश होऊन म्हणाली. आल्टोत कुणा एकीचा आवाज वर आला की सगळं बिघडतं, सरावात तिचा दोनदा आला होता.

मग मी सांगून टाकलं. चिठ्ठी पाहिली होती, खोडलेली ओळ वाचली होती. मी तसं म्हणाले म्हणून तू खोडलीस ना, माझं चुकलं. तुझ्याबद्दल तू काहीतरी लिहीत होतीस आणि मी... ती चालता चालता थांबली. "माझ्याबद्दल?" तिनं विचारलं. "माझ्याबद्दल नव्हतं ते." आमची संगीताची खोली आणि नर्सबाईंची खोली वर-खाली आहेत, ती म्हणाली. आम्ही सराव करतो तेव्हा ती मुलगी खाली खिडकी उघडी ठेवते आणि आमच्याबरोबर म्हणते. आल्टोच. शिक्षकांनी आम्हाला मध्येच थांबवलं ना, की तिला ते कळत नाही, एकदोन सूर ती पुढे जाते. तेव्हा ऐकू येतो तिचा आवाज. एकदम लहान. "सगळे हसले नाहीत आई, सगळे गप्प झाले. म्हणून मी लिहिलं. मग खोडलं, कारण समितीनं ते निवडलं असतं तर सगळ्या शाळेनं विचारलं असतं, की लहान आवाज कुणाचा."

"आणि ती मोकळी जागा?"

"तिचीच. आज येईन म्हणाली होती." थोडं चालून गेल्यावर म्हणाली, "आली होती. नर्सबाईंबरोबर मागच्या दाराशी उभी होती."

मी म्हणाले त्याचा काहीच परिणाम झाला नव्हता, की मला बरं वाटावं म्हणून तिनं ते वगळलं, हे मला अजूनही कळलेलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही. संध्याकाळ होत आली होती, सायकलींना दिवे लागले होते. ती माझ्या पुढे दोन पावलं चालत होती आणि गुणगुणत होती, तीच ती तीन-चार सुरांची, कुठल्याच गाण्यासारखी न वाटणारी पट्टी. डोक्यावरून गाडी आली. खांब थरथरले, काही क्षण दुसरं काहीच नव्हतं, नुसता खडखडाट. तिची मान लयीत हलत होती तेवढं दिसत होतं. मग गाडी पूर्वेला निघून गेली, आणि तो पुन्हा ऐकू आला.